अळवाखालचे पाणी

गेल्या पावसाळ्यात हिमोग्लोबिन तपासणीसाठी आम्ही धुळ्याच्या एका वस्तीत गेलो होतो. तपासणी आटोपेपर्यंत दुपार झाली. एका मावशीने हाताला धरून घरात नेले आणि जेवायला बसवले. ताटात बाजरीची भाकरी, कांदा आणि अळूच्या वड्या होत्या. वड्या फार छान झाल्या होत्या, आम्ही मागून घेतल्या.

हात धुवायला मागच्या दारी गेलो तर मोरीच्या तोंडाशी अळूचे रान माजले होते. पाने सुपाएवढी. त्या रानाच्या बुडातून आळीतल्या आठ-दहा घरांचे सांडपाणी वाहत होते. वरच्या अंगाला एका संडासाची टाकी पाझरत होती, तेही पाणी त्याच गटारीला मिळाले होते.

आम्ही विचारले, "मावशी, याच पानांच्या वड्या का?"

मावशी म्हणाल्या, "हो ना ताई. अळवाच्या पानाला पाणी धरत नाही, त्याला घाण लागतच नाही. वरून धुतले की झाले." मग थोडे थांबून हळूच म्हणाल्या, "आनि आमनाकडे पानी ते हाईच शे."

त्यांच्या या दोन वाक्यांसाठी हा लेख लिहीत आहोत. पहिल्या वाक्यात एक समज आहे, तो दुरुस्त करायचा आहे. दुसऱ्या वाक्यात खरी अडचण आहे, तिच्यावर घरात काय करता येईल आणि वस्तीने मिळून काय मागायचे, ते सांगायचे आहे.

पान कोरडे, मूळ तहानलेले

अळवावरचे पाणी म्हणजे क्षणभर टिकणारी गोष्ट, असे आपण बोलतो. ते खरेच आहे. अळूच्या पानावर अगदी बारीक उंचवटे असतात आणि त्यावर मेणासारखा थर असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, मोत्यासारखा घरंगळून जातो आणि जाताना धूळही घेऊन जातो. म्हणून अळूचे पान नेहमी स्वच्छ दिसते.

पण झाड पाणी पानाने पीत नाही, मुळाने पिते. अळू हे पाण्याच्या काठचे झाड आहे. नदीच्या, ओढ्याच्या कडेला, जिथे माती सदा ओली असते, तिथे ते आपोआप वाढते. मूळ चिखलात आणि पान वर उन्हात, अशी त्याची राहणी. सुपाएवढी पाने उभी ठेवायला त्याला भरपूर पाणी लागते. त्या पाण्यात जे विरघळलेले असेल, त्यातले काही मुळावाटे देठात आणि पानात जाते. पान वरून कितीही चकचकीत दिसले तरी आतले आपल्याला दिसत नाही. उलट गटारीवरचा अळू जास्त हिरवा आणि मोठा दिसतो, कारण घाण पाण्यात नत्र भरपूर असते. बाजारात मोठी पाने बघून आपण खूश होतो, पण पानाचा आकार ही स्वच्छतेची खूण नाही.

गटारीच्या पाण्यात काय काय असते

तीन प्रकारच्या गोष्टी असतात आणि तिन्हींचे वागणे वेगळे आहे.

पहिली गोष्ट, रोगजंतू आणि जंतांची अंडी. संडासाचे पाणी गटारीत मिसळले की हे आलेच. जुलाब, काविळीचे काही प्रकार आणि विषमज्वर अशाच पाण्यातून पसरतात. हे जंतू देठाच्या बुडाला, पानाच्या खालच्या बाजूला, चिखलाच्या शिंतोड्यांत बसतात. अळू आपण चांगला शिजवून खातो म्हणून पोटात जाताना यातले बहुतेक मरतात. पण पाने कापणारे हात, विळी, पाटा आणि शेजारी चिरलेली कोथिंबीर हे सगळे कच्चेच राहते. लहान मूल त्या चिखलात खेळते आणि तोच हात तोंडात घालते. आजार ताटातून येण्याआधी हातातून येतो.

दुसरी गोष्ट, साबण आणि कपड्यांची पावडर. यातल्या क्षारांनी आपली काळी माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि वर पांढरट थर येतो. मोरीजवळची जमीन काही वर्षांत चिवट आणि आंबूस का होते, त्याचे एक कारण हे आहे.

तिसरी गोष्ट, शिसे आणि कॅडमियमसारखे जड धातू. ज्या गटारीला गॅरेज, बॅटरीचे दुकान, रंगकाम किंवा कारखान्याचे पाणी मिळते, तिथे हा धोका मोठा. पालेभाज्या हे धातू मातीतून ओढून घेतात. हे धातू धुऊन जात नाहीत आणि उकळूनही मरत नाहीत, कारण ते मुळात जिवंतच नाहीत. शिसे शरीरात साठत जाते आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भातल्या बाळाला होतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. गटारीच्या कडेचा अळू तोडून खाऊ नये. पण अळू खाणेही सोडू नये. अळूची जागा बदलावी.

घरातच आहे अळूचे पाणी

"प्यायला पाणी आठ दिवसांनी येते, अळूला कुठून आणू?" हे आम्हाला जळगावात आणि धुळ्यात, दोन्हीकडे ऐकावे लागते. प्रश्न रास्त आहे. म्हणून अळूसाठी वेगळे पाणी भरायला आम्ही सांगत नाही. घरात रोज असे पाणी सांडते, ज्यात साबण नसतो आणि मैला नसतो:

- तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी
- माठाच्या बुडाशी राहिलेले आणि माठातून पाझरलेले पाणी
- पाहुण्याने पेल्यात अर्धे ठेवलेले पाणी
- उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतून काढलेले पाणी
- ड्रम आणि टाकी घासताना तळाला उरलेले पाणी

शेवटचे दोन फार महत्त्वाचे आहेत. डेंग्यूचा डास गटारीच्या घाण पाण्यात वाढत नाही. तो आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे ड्रममध्ये, सिमेंटच्या टाकीत आणि कूलरमध्ये अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आशाताई दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात: सगळी भांडी रिकामी करा, आतून घासा, सुकवा, मग भरा. घासायचे यासाठी की या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि सुकल्यावरही कित्येक महिने जिवंत राहतात.

पण जिच्या घरी आठ दिवसांनी नळ येतो, ती बाई ड्रममधले हातभर पाणी गटारीत ओतायला धजावत नाही. तिचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. दारात अळूचे दोन-तीन टब असले तर त्या पाण्याला जागा मिळते. ड्रमचा तळ अळूत ओतायचा. त्यात डासाच्या अळ्या असल्या तरी चिखलावर पडून त्या मरतात, कारण त्यांना पोहायला उघडे पाणी उरत नाही. कोरडा दिवसही पाळला जातो आणि पाणीही वाया जात नाही. ड्रममध्ये आरोग्य खात्याने अळीनाशक औषध टाकले असेल तर मात्र ते पाणी खबरदारी म्हणून अळूला न घालता कर्दळीला घालावे. कर्दळीचे पुढे सांगितले आहे.

टबातला अळू: कृती

अळूला वाफा पाहिजेच असे नाही. वस्तीत दोन फूट जागा मिळायची मारामार, म्हणून टबातली कृती सांगतो.

१. भांडे: फुटका प्लास्टिकचा टब, मोठे घमेले, अर्धा कापलेला ड्रम, काहीही चालते. निदान एक फूट खोल आणि सव्वा फूट रुंद असावे. रंगाचा, फवारणीच्या औषधाचा किंवा ऑइलचा डबा मात्र कधीही घेऊ नये, कितीही धुतला तरी.

२. छिद्र: कुंडीला आपण बुडाला छिद्र पाडतो. अळूच्या टबाला बुडाला पाडायचे नाही. माती जिथपर्यंत भरणार, त्याच्या चार बोटे खाली, टबाच्या बाजूला बोटभर छिद्र पाडायचे. त्यामुळे खालची माती सदा ओली राहते, जास्तीचे पाणी बाजूने निघून जाते आणि वर पाण्याचे डबके होत नाही. बुडाला आधीच भोक असेल तर आतून प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा.

३. माती: आपल्या खान्देशची काळी माती कापसाइतकीच अळूलाही मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. तीन घमेली माती आणि एक घमेले जुने, कुजून भुसभुशीत झालेले शेणखत. ओले शेण घालू नये, त्याने कंद सडतो. गटारीतला गाळ खत म्हणून मुळीच वापरू नये, नाहीतर जागा बदलून काय उपयोग?

४. कंद: ज्या घरचा अळू आपण खाल्ला आहे आणि खाजला नाही, त्याच घरून कंद किंवा शेजारचे पिल्लू आणावे. वडीसाठी काळपट देठाचा अळू चांगला, हिरव्या देठाचा भाजीला घेतात. नाल्यावरचा अनोळखी रानअळू किंवा नर्सरीतला शोभेचा रंगीत अळू खायला लावू नये. गटारीवरच्या जुन्या अळूचा कंद घ्यायचा असेल तर तो चांगला धुवावा, मुळे आणि सगळी पाने कापून टाकावीत, आणि नव्या मातीत आलेली पहिली तीन-चार पाने खाऊ नयेत.

५. लावण: पाऊस सुरू झाला की जूनमध्ये लावणे सर्वांत सोपे. उन्हाळ्याआधी लावायचा तर फेब्रुवारीत. कंद तीन बोटे खोल, कोंब वर करून ठेवावा. एका टबात एकच कंद.

६. वाळू: लावल्यावर मातीवर दोन बोटे जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी. पाणी वाळूखाली राहते, डासाला अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही, आणि उन्हात माती लवकर सुकत नाही.

७. पाणी: माती बोटाला ओली लागली पाहिजे, एवढाच नेम. पावसाळ्यात बहुधा घालावे लागत नाही, हिवाळ्यात एक दिवसाआड, उन्हाळ्यात रोज.

८. तोडणी: दीड-दोन महिन्यांत पाने तोडणीला येतात. बाहेरची मोठी पाने तोडावीत, मधली दोन-तीन कोवळी ठेवावीत. एका घराला महिन्यातून दोन वेळा वड्या करायच्या तर तीन-चार टब पुरतात. सहा-सात महिन्यांनी टब उलटा केला तर खाली अळकुड्या, म्हणजे आपण बाजारात अरबी म्हणून घेतो ते कंद, मिळतात. थोडे खावेत, दोन पुन्हा लावावेत.

पावसाळ्यात पानावर ओलसर डाग पडून ते पसरू लागले तर तो करपा आहे. ती पाने लगेच तोडून लांब टाकावीत आणि टब जवळजवळ असतील तर अंतर वाढवावे. मावा पडला तर पानाच्या खालून जोरात पाणी मारावे. फवारणीचे औषध घरच्या अळूवर मारू नये.

देठ जिथे खोडाला मिळतो तिथल्या बेचक्यात पावसाचे पाणी साठते. तेवढ्या पाण्यातही डास होऊ शकतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा झाड हलवून ते पाणी सांडून टाकावे. हे काम मुलांना आवडते.

खान्देशचा उन्हाळा

मार्च संपला की जळगावचा पारा चढायला लागतो आणि मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जातो. काठावरच्या झाडाला हे झेपत नाही. पानांच्या कडा करपतात. प्लास्टिकच्या टबातले पाणी दुपारी एवढे तापते की कंद आतून सडतो. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर लोक शेकडो वर्षांपासून पाण्यात अळू पिकवतात, तिथेही शेतातले पाणी वाहते आणि गार ठेवतात. साचलेले गरम पाणी अळूला नकोच.

म्हणून उन्हाळ्यात टब पूर्वेच्या भिंतीला, निंबाखाली किंवा माठाच्या सावलीत ठेवावा. सकाळचे ऊन पुरे. टबाला ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी संध्याकाळी घालावे. तरीही पाने गेली तर घाबरू नये. कंद मातीत झोपतो आणि मृगाच्या पावसाला पुन्हा उठतो.

मग मोरीच्या पाण्याचे काय?

अळू हलवला तरी मोरीचे पाणी वाहणारच. ते साचले की दुसऱ्या जातीचा डास होतो. तो रात्री चावतो, आणि हत्तीरोग याच डासामुळे पसरतो. त्या पाण्यावर खायचे झाड नको, पण झाड पाहिजे. त्यासाठी कर्दळ सर्वांत चांगली. तीही पाण्याच्या काठचीच. तिची मुळे दाट असतात, ती पाणी ओढतात आणि मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्याची फायटोरिड नावाची पद्धत काढली आहे, तिच्यातही कर्दळीसारखीच झाडे वापरतात.

घरापुरते असे करावे. मोरीच्या तोंडाला जाळी लावावी, म्हणजे खरकटे अडकते. पुढे साधारण सहा फूट लांब, दीड-दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणावा. त्यात विटांचे तुकडे आणि वर खडी भरावी आणि खडीत कर्दळ लावावी. पाणी खडीच्या खालून गेले पाहिजे, वर दिसता कामा नये. दर आठवड्याला जाळी साफ करावी. संडासाचे पाणी या चरात कधीही सोडू नये, त्याला वेगळी टाकी किंवा शोषखड्डाच पाहिजे. हातपंप किंवा विहीर जवळ असेल तर निदान पन्नास फुटांचे अंतर ठेवावे.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघड्या गटारी कमी केल्या आणि त्याबरोबर डासही कमी झाले, हे महाराष्ट्रभर गाजले. आपल्याकडे करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तापीकाठची काळी माती खोल असते आणि तिच्यात पाणी हळू मुरते. खड्डा खाली मुरुमापर्यंत गेला नाही तर काही दिवसांत तुंबतो. मुरूम लागत नसेल तर कर्दळीचा चर बरा.

ताटात येण्याआधी

अळूच्या पानात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. कापताना हाताला तेल लावावे. पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत, देठाच्या बुडाचा भाग काढून टाकावा. चिंच किंवा आंबट चुका घालायची आपल्या आयांची रीत चांगली आहे, पण आंबट घातले म्हणून अर्धे कच्चे चालत नाही. वडी आधी पूर्ण वाफवावी, मगच तळावी. भाजी असेल तर पाने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे. खाज कमी होते आणि ऑक्झलेटही बरेच निघून जाते.

लहान मुलाने कच्चे पान चावले तर ओठ सुजतात, लाळ गळते, मूल जोरात रडते. तोंडातले तुकडे काढावेत, थंड पाण्याने चूळ भरायला लावावी, थंड दूध किंवा पाणी घोट घोट द्यावे. ओकारी काढायला लावू नये. जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

रक्त वाढते का?

शिबिरात हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. आपल्या वस्तीत तपासणी करताना तर आम्हाला ते रोज दिसते.

अळूच्या पानात लोह आहे, कॅल्शियम आहे, आणि डोळ्यांसाठी लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर आहे. तो अंगी लागायला थोडे तेल लागते, म्हणून फोडणी द्यावी. पण ऑक्झलेटमुळे पानातले सगळे लोह आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून भाजीत डाळ आणि शेंगदाणे घालावेत, वर लिंबू पिळावे, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोह अडवतो. अळू ही चांगली भाजी आहे, औषध नाही. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी रोज 180 दिवस घ्यायची असते. "मी अळू खाते, गोळी कशाला?" असे कुणी म्हणाले तर तिला समजावून सांगा.

ज्याला मुतखडा झाला आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने अळू टाळावा किंवा डॉक्टरांना विचारूनच खावा. इतरांनी खाताना सोबत दही किंवा ताक घ्यावे. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. आणि खान्देशच्या उन्हात दिवसभर भरपूर पाणी प्यावे.

उताराला वस्ती

हे सगळे सांगून झाल्यावरही मावशींचे दुसरे वाक्य आमच्या मनातून जात नाही. पाणी ते हेच आहे. गावाचा उतार जिथे संपतो, तिथे बहुतेक ठिकाणी आपली वस्ती आहे. वरच्या आळीचे सांडपाणी आपल्या दारावरून जाते. त्याच्या कडेला अळू आपोआप उगवतो आणि आपण तो तोडून खातो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्याले, ते चांगल्या पाण्यावर आपला हक्क आहे हे दाखवायला. दुसऱ्यांनी वापरलेले पाणी कुणाच्या दारातून वाहावे, हा प्रश्न त्याच हक्काचा दुसरा भाग आहे. तो टबाने सुटणार नाही. टब आपल्या लेकरांचे ताट सांभाळेल, गटार बांधून घ्यावीच लागेल.

खेड्यात असाल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जिल्हा परिषदेची योजना आहे. जुने लोक तिला दलित वस्ती सुधार योजना म्हणतात. त्यातून बंदिस्त गटार घेता येते. प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे आणि तिथून समाजकल्याण विभागाकडे जातो. शोषखड्डे रोजगार हमीतूनही होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बायांनी मिळून जावे आणि गटारीचा ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नये. जळगाव आणि धुळे शहरांत अर्ज महानगरपालिकेच्या आरोग्य आणि बांधकाम विभागाला द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. अर्जात संडासाची पाझरणारी टाकी, साचलेल्या पाण्याची जागा आणि त्या आळीत किती घरे आहेत, हे लिहावे. उत्तर आले नाही तर 2005 च्या माहिती अधिकारात वस्तीसाठी किती निधी आला आणि कुठे खर्च झाला, ते विचारावे.

त्या मावशींकडे आम्ही महिन्याने पुन्हा गेलो. मोरीजवळचा अळू त्यांनी उपटला नव्हता, पण तोडायचेही बंद केले होते. पुढच्या दारी माठाखाली दोन घमेली ठेवली होती, काळ्या मातीने भरलेली, वर नदीची वाळू. एकात दोन पाने आली होती, हाताच्या तळव्याएवढी. "बारीक शेत," त्या थोड्या नाराजीने म्हणाल्या. आम्ही सांगितले, मावशी, बारीक असू द्या. माठाच्या पाण्यावर वाढली आहेत, नातवाला बिनघोर द्या. गटारीच्या अर्जावर त्या आळीतल्या चौदा बायांच्या सह्या झाल्या आहेत. पहिली सही मावशींची आहे.